बायबलमध्ये नसलेला शब्द

(एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



इसवी सन ३२५ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती बिशपांची एक मोठी परिषद निकिया येथे भरवली. हे गाव आज तुर्कस्तानात आहे आणि त्याला इझनिक म्हणतात. या परिषदेने ख्रिस्ती श्रद्धेचे एक निवेदन तयार केले आणि त्यात एक ग्रीक शब्द घातला, 'होमोऊसिओस'. त्याचा अर्थ 'एकाच सत्त्वाचा'. पुत्र हा पित्याशी एकाच सत्त्वाचा आहे, असे परिषदेला म्हणायचे होते. अडचण अशी की हा शब्द बायबलमध्ये कुठेही नाही. तो ग्रीक तत्त्वज्ञानाच्या परिभाषेतून आलेला होता.

जो धर्म एका पवित्र ग्रंथावर उभा आहे, त्याला आपल्या श्रद्धेच्या अगदी मध्यभागी ग्रंथात नसलेला शब्द का ठेवावा लागला? आज मी याच प्रश्नाभोवती बोलणार आहे. माझे शिक्षण इंजिनियरिंगचे आणि पोट सॉफ्टवेअरवर. तरीही हा विषय मी निवडला, कारण धर्मचिकित्सा फक्त आपल्या धर्मापुरती करून भागत नाही. इतर धर्मांत विचार कसा घडला, बाहेरून काय आले, त्यावर भांडणे कशी झाली, हेही पाहावे लागते. ख्रिस्ती बांधवांची श्रद्धा खरी की खोटी, हे ठरवायला मी उभा नाही. मला फक्त विचारांचा प्रवास पाहायचा आहे.

सुरुवात भाषेपासून करू. येशूंची, म्हणजे मुस्लिम परंपरेतल्या हजरत ईसांची, बोली अरामी होती. पण त्यांच्याविषयीची चारही शुभवर्तमाने आपल्यापर्यंत ग्रीक भाषेत आली आहेत. अलेक्झांडरच्या स्वाऱ्यांनंतर भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडचा व्यापार, शिक्षण आणि लिखापढी ग्रीकमध्ये चालत असे. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया शहरात राहणाऱ्या ज्यूंनी तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच आपला तोरा ग्रीक भाषेत आणायला घेतला होता. त्यांच्या मुलाबाळांना हिब्रू परकी झाली होती.

याच अलेक्झांड्रियात येशूंच्याच काळात फायलो नावाचा ज्यू विचारवंत होऊन गेला. मोझेसचे ग्रंथ त्याला पवित्र होते आणि प्लेटोही त्याला प्रिय होता. देव इतका वेगळा आणि इतका उंच, तर त्याचा या मातीच्या जगाशी संबंध कसा येतो, हा त्याचा प्रश्न होता. उत्तरासाठी त्याने 'लोगोस' ही संकल्पना वापरली. हा शब्द ग्रीकांमध्ये जुना होता. लोगोस म्हणजे शब्द, पण त्याचबरोबर तर्क, विवेक, हिशेब, प्रमाण. सुमारे पाच शतके आधी हेराक्लायटसने जगातल्या बदलांमागच्या सूत्राला लोगोस म्हटले होते. पुढे स्टोइक तत्त्वज्ञांनी साऱ्या विश्वात भरून राहिलेल्या विवेकाला तेच नाव दिले. फायलोने या लोगोसला देव आणि जग यांच्यामधला दुवा मानले.

योहानाचे शुभवर्तमान सुरू होते ते याच शब्दाने. मराठी बायबलमध्ये तिथे 'शब्द' असे भाषांतर आहे. ते चूक नाही, पण मराठी वाचकाला त्यातला 'विवेक' ऐकू येत नाही. पहिल्या शतकातल्या शिकलेल्या ग्रीक वाचकाला तो लगेच ऐकू आला असणार. योहानाने मात्र पुढे असे काही म्हटले की जे कोणत्याही ग्रीक तत्त्वज्ञाने म्हटले नव्हते. हा लोगोस माणूस झाला, रक्तामांसाचा झाला. म्हणजे शब्द उसना आणि विधान अगदी नवे. जाता जाता सांगतो, कुराणातही हजरत ईसांना अल्लाहकडचा 'कलिमा', म्हणजे शब्द, म्हटले आहे. त्याचा अर्थ इस्लामी परंपरेने वेगळा लावला, ईश्वरपुत्रत्व नाकारले. पण 'देवाचा शब्द' ही कल्पना दोन्हीकडे आहे, हे लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिच्याकडे परत यायचे आहे.

आता पौलाकडे वळू. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात पौल अथेन्सला जातो. तिथे एपिक्युरियन आणि स्टोइक तत्त्वज्ञांशी त्याचा वाद होतो आणि ते त्याला अरेओपॅगसवर घेऊन जातात. तिथल्या भाषणात तो ज्यू धर्मग्रंथातले वचन देत नाही. आरातूस या ग्रीक कवीच्या काव्यातली ओळ आधाराला घेतो. हा आरातूस पौलाच्याच किलिकिया प्रांतातला. ऐकणारे शांतपणे ऐकतात. पण मेलेला माणूस पुन्हा उठला, असे पौल म्हणतो तेव्हा काही जण हसतात. या एका प्रसंगात पुढच्या पाचशे वर्षांचा वाद आहे. भाषा जुळते आहे, कवीही सामाईक आहे, पण एका जागी येऊन गाडी अडते.

दुसऱ्या शतकात जस्टिन नावाचा माणूस भेटतो. त्याचा जन्म आजच्या पॅलेस्टाइनमधल्या नाब्लुसचा. सत्याच्या शोधात तो आधी एका स्टोइककडे गेला. मग ॲरिस्टॉटलच्या परंपरेतल्या एका गुरूकडे गेला, तर त्याने लवकरच फी मागितली. पायथागोरसपंथी गुरू म्हणाला, आधी संगीत, खगोल आणि भूमिती शिकून ये. शेवटी तो प्लेटोच्या विचारात रमला आणि तिथून ख्रिस्ती झाला. ख्रिस्ती झाल्यावरही त्याने तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही. त्याचे म्हणणे असे होते की लोगोसचे बीज प्रत्येक माणसात पेरलेले आहे, म्हणून सॉक्रेटिस आणि हेराक्लायटससारखी विवेकाने जगलेली माणसे येशूंच्या आधी होऊनही एका अर्थी ख्रिस्तीच होती. दुसऱ्यांच्या पूर्वजांना नरकात न पाठवता त्यांना आपले म्हणणे, ही त्या काळात मोठी गोष्ट होती.

जस्टिनचा शेवट मात्र वाईट झाला. सुमारे १६५ मध्ये रोम शहरात त्याला मृत्युदंड दिला गेला. शिक्षा देणारा अधिकारी होता रस्टिकस. हा रस्टिकस स्वतः स्टोइक तत्त्वज्ञ आणि सम्राट मार्कस ऑरेलियसचा गुरू. विवेकाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने विवेकाचाच पुरस्कार करणाऱ्या दुसऱ्या माणसाला वेगळ्या श्रद्धेसाठी मारले. तत्त्वज्ञान शिकले की माणूस आपोआप उदार होतो, असा भाबडा समज कोणाचा असेल तर त्याने हा प्रसंग जरूर वाचावा.

ख्रिस्ती लोकांमध्ये याच्या उलट मताचेही होते. कार्थेजचा टर्टुलियन त्यातला सर्वांत धारदार. अथेन्सचा आणि जेरुसलेमचा संबंधच काय, असा त्याचा रोखठोक सवाल होता. सगळे पाखंड तत्त्वज्ञानातून जन्मते, असे तो मानत असे. पण गंमत पाहा. आत्मा हीसुद्धा एक प्रकारची सूक्ष्म वस्तूच आहे, हे स्टोइकांचे मत तोच मांडतो. सेनेका हा रोमन स्टोइक तर त्याला पुष्कळदा आपल्यातलाच वाटतो. पित्याचे, पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे नाते सांगायला त्याने लॅटिनमध्ये जी परिभाषा घडवली, ती आजही चर्चमध्ये चालते. बाहेरचे काही नको म्हणणाऱ्याच्या हातातही बाहेरचीच हत्यारे होती. त्याला ढोंगी म्हणायचे कारण नाही. शिकलेला माणूस आपल्या काळाच्या भाषेतच विचार करतो, त्याला दुसरी वाट नसते.

अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटने उघड भूमिका घेतली. ज्यूंना जसे नियमशास्त्र, तसे ग्रीकांना तत्त्वज्ञान, दोन्ही ख्रिस्ताकडे नेणारे शिक्षक, असे तो म्हणे. त्याच्यानंतरच्या ओरिजेनने एक दाखला वापरला. इजिप्त सोडताना इस्रायली लोकांनी इजिप्तचे सोने-चांदी बरोबर घेतले आणि पुढे त्यातूनच उपासनेची भांडी घडवली. ग्रीक विद्येचेही तसेच करावे, असा त्याचा सल्ला होता. त्याने सावधही केले, की त्याच सोन्याची मूर्तीही घडू शकते. ओरिजेनचे मला आणखी एका गोष्टीसाठी कौतुक वाटते. सेल्सस नावाच्या ग्रीक विचारवंताने ख्रिस्ती धर्मावर सडकून टीका करणारे पुस्तक लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. पण त्यातला बराच मजकूर आपल्याला माहीत आहे, कारण उत्तर देताना ओरिजेनने सेल्ससचे म्हणणे त्याच्याच शब्दांत आधी मांडले आणि मग खोडले. टीकाकाराचे पुस्तक टीकेला उत्तर देणाऱ्याने जगवले.

इथे माझ्या व्यवसायातली एक गोष्ट सांगतो. आम्ही प्रोग्राम लिहिताना दुसऱ्याने लिहिलेली तयार लायब्ररी घेतो. वेळ वाचतो, काम चांगले होते. पण त्या लायब्ररीच्या पोटात तिच्या लेखकाची काही गृहीतके असतात आणि तीही आपल्या प्रोग्राममध्ये शिरतात. त्यांचा त्रास पहिल्या दिवशी होत नाही, सहा महिन्यांनी होतो. ख्रिस्ती विचाराचे तेच झाले. प्लेटोच्या परंपरेतला देव अचल आहे, त्याला राग नाही, दुःख नाही, बदल नाही. बायबलमधला देव रागावतो, पस्तावतो, आपल्या लोकांसाठी कळवळतो. प्लेटोकडे आत्मा अमर आणि शरीर त्याचा तुरुंग. ज्यू आणि ख्रिस्ती परंपरेत मात्र शेवटच्या दिवशी शरीरासह उठायचे आहे. दोन्ही एकत्र घेतले की प्रश्न पडणारच. ज्याला दुःख होऊच शकत नाही, तो क्रुसावर कसा मरेल?

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या एरियस नावाच्या धर्मगुरूने या प्रश्नाचे सरळ उत्तर दिले. खरा देव एकच, अचल आणि अजन्मा. पुत्र, म्हणजे लोगोस, सर्व सृष्टीत श्रेष्ठ, पण निर्माण केलेला. त्यावर वादळ उठले. कारण पुत्र निर्माण केलेला असेल, तर त्याच्याकडून मिळणारी मुक्ती ही देवाकडून मिळालेली कशी म्हणायची? निकियाची परिषद यासाठीच भरली.

तिथे काय घडले ते अथनेशियसने लिहून ठेवले आहे. तो एरियसचा कट्टर विरोधक. बिशपांनी आधी बायबलमधलेच शब्द वापरून पाहिले. पण एरियसचे समर्थक प्रत्येक शब्द मान्य करत आणि त्याचा आपल्याला हवा तो अर्थ काढत. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. ग्राहक आणि कंपनी एकाच कागदावर सही करतात आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. म्हणून बिशपांनी असा शब्द निवडला, ज्यातून एरियसला पळवाट नव्हती. ग्रंथात नाही, हा आक्षेप अथनेशियसला ठाऊक होता. त्याचे उत्तर होते, अक्षरे ग्रंथात नसली तरी आशय ग्रंथातलाच आहे. ग्रंथाचा अर्थ टिकवण्यासाठी ग्रंथाबाहेर जावे लागते, ही कबुली त्यात आहे.

इथपर्यंत हा विचारांचा इतिहास आहे. पण निकियात सम्राट हजर होता. परिषद संपल्यावर एरियसला हद्दपार केले गेले आणि पुढे कॉन्स्टंटाइनने त्याची पुस्तके जाळायचा हुकूम काढला. काही वर्षांत वारा फिरला आणि त्याच कॉन्स्टंटाइनने अथनेशियसलाही हद्दपार केले. अथनेशियस आयुष्यात पाच वेळा हद्दपार झाला. कोणता शब्द खरा, हे आता सम्राटाच्या मर्जीवर ठरू लागले.

आणि तरीही हाच काळ विचारांच्या दृष्टीने फार समृद्ध होता, हेही सांगितले पाहिजे. आजच्या तुर्कस्तानातल्या कॅपाडोकिया भागात बेसिल, त्याचा भाऊ निसाचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी, या तिघांनी 'सत्त्व' आणि 'व्यक्ती' यांत फरक करून त्रैक्याची मांडणी केली. बेसिल आणि त्याचा मित्र तर अथेन्समध्ये शिकलेले. बेसिलने तरुणांसाठी लिहिले, की मधमाशी जशी प्रत्येक फुलातले हवे तेवढेच घेते, तसे ग्रीक साहित्य वाचावे. बेसिलची थोरली बहीण मॅक्रिना हिच्याविषयी आपण फारसे ऐकत नाही. निसाच्या ग्रेगरीने आत्मा आणि पुनरुत्थान यांवर एक संवाद लिहिला, तो प्लेटोच्या 'फीडो'च्या धर्तीवर. फीडोमध्ये मृत्यूच्या दारातला सॉक्रेटिस शिष्यांशी बोलतो. इथे मरणशय्येवरची मॅक्रिना बोलते आणि बिशप असलेला भाऊ शंका विचारतो. ग्रेगरी तिला आपली शिक्षिका म्हणतो. धर्मविचार हे पुरुषांचे काम, असे मानणाऱ्या सर्व धर्मांतल्या मंडळींना हा संवाद वाचायला द्यावा.

याच ग्रेगरीने कॉन्स्टँटिनोपलच्या बाजाराचे वर्णन केले आहे. सुटे पैसे मागा, तर दुकानदार पुत्र जन्मलेला की अजन्मा यावर बोलतो. भाकरीचा भाव विचारा, तर पिता पुत्राहून मोठा असे ऐकायला मिळते. ग्रेगरी वैतागून लिहितो, पण मला त्या दुकानदारांचा हेवा वाटतो. त्यांना वाद घालायची भीती वाटत नव्हती.

ती भीती लवकरच आली, आणि ती आधी एका बिगर-ख्रिस्ती सम्राटाकडून आली. बेसिल अथेन्समध्ये शिकत असताना तिथे ज्युलियन नावाचा राजपुत्रही शिकत होता. तो पुढे सम्राट झाला आणि ख्रिस्ती धर्म सोडून जुन्या देवांकडे वळला. ३६२ मध्ये त्याने ख्रिस्ती शिक्षकांना ग्रीक साहित्य शिकवायला बंदी केली. होमरचे देव मानत नसाल तर होमर शिकवू नका, असा त्याचा मुद्दा. ग्रीक विद्या फक्त ग्रीक देवांच्या भक्तांची, आणि टर्टुलियनच्या मते जेरुसलेमला तिची गरजच नाही. दोन टोकांची माणसे एकाच निष्कर्षाला आली. ज्युलियनचा हा हुकूम त्याच्याच बाजूचा, जुने देव मानणारा इतिहासकार अमियानस मार्सेलिनस यालाही पटला नाही आणि त्याने तसे लिहून ठेवले. आपल्या माणसाची चूक आपणच सांगायची असते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

मग ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकियाची श्रद्धा हीच साम्राज्याची श्रद्धा, असे फर्मान काढले. ४४८ मध्ये पोर्फिरी या प्लेटोवादी तत्त्वज्ञाने ख्रिस्ती धर्माविरुद्ध लिहिलेला ग्रंथ जाळायचा आदेश निघाला. त्याला जगवायला कोणी ओरिजेन उरला नव्हता. ५२९ मध्ये जस्टिनियनच्या हुकुमाने अथेन्समधले तत्त्वज्ञानाचे अध्यापन थांबले. आणि सहाव्या शतकाच्या मध्यात खुद्द ओरिजेनच, मरून तीनशे वर्षे झाल्यावर, पाखंडी ठरला. ज्याने ख्रिस्ती विचाराला ग्रीक तर्क दिला, त्याच्या मुख्य ग्रंथाचे मूळ ग्रीक रूप आज पूर्ण मिळत नाही, लॅटिन भाषांतरावर काम भागवावे लागते.

अथेन्समधून बाहेर पडलेले सात तत्त्वज्ञ इराणच्या खुसरोकडे आश्रयाला गेले. ते लवकरच परतले, पण ग्रीक विचाराचा पूर्वेकडचा प्रवास थांबला नाही. सिरियाक भाषा बोलणाऱ्या ख्रिस्ती विद्वानांनी ॲरिस्टॉटल आणि गेलेन आपल्या भाषेत आणले होते. आठव्या शतकात खलिफा अल-महदीने ॲरिस्टॉटलचा वादविवादशास्त्रावरचा ग्रंथ अरबीत आणायचे काम दिले, ते ख्रिस्ती धर्मप्रमुख तिमथी यांना. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने भाषांतराचे प्रचंड काम केले. अल-फाराबीचे शिक्षक ख्रिस्ती होते आणि त्याचा गाजलेला शिष्य याह्या इब्न अदी हाही ख्रिस्तीच. सत्य परक्यांकडून आले तरी ते घ्यायला लाजू नये, असे अल-किंदीने लिहून ठेवले. जस्टिन आणि क्लेमेंट यांना हे लगेच पटले असते.

२००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जर्मनीत रेगेन्सबर्ग येथे भाषण केले. त्यातल्या इस्लामविषयीच्या एका उद्धृतावरून मोठा गदारोळ झाला. पण त्या भाषणाचा मुख्य मुद्दा आपलाच आजचा विषय होता. बायबलची श्रद्धा आणि ग्रीक विवेक यांची भेट हा योगायोग नव्हता, असे ते सांगत होते. मला ते बरेचसे मान्य आहे. पण ती भेट एका धर्माची किंवा युरोपची मालमत्ता नाही. ती अलेक्झांड्रियात ज्यूंकडे सुरू झाली आणि बगदादमध्ये मुस्लिम आणि ख्रिस्ती यांनी एकत्र पुढे नेली.

आता सुरुवातीला म्हटलेल्या 'देवाच्या शब्दा'कडे येऊ. निकियात प्रश्न होता, देवाचा शब्द अनादी की निर्मित? पाचशे वर्षांनी बगदादमध्ये जवळपास तोच प्रश्न कुराणाविषयी उभा राहिला. तर्काचा आग्रह धरणारे मुअतझिली म्हणाले, कुराण निर्मित आहे. ८३३ मध्ये खलिफा अल-मामूनने हे मत राजाज्ञेने लादले आणि न्यायाधीश, विद्वान यांची चौकशी लावली. यालाच 'मिहना' म्हणतात. अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले, पुढच्या खलिफाच्या काळात फटके मारले. इथे लादणारे लोक विवेकवादी होते. त्यातून विवेकाचे भले झाले नाही. मुअतझिलींच्या नावाला जो डाग लागला तो शतकानुशतके गेला नाही. जुलूम सोसणारे इब्न हंबल लोकांच्या मनात मोठे झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

म्हणून मला असे वाटते. आमचा धर्म बाहेरच्या विचारापासून शुद्ध आहे, असे कोणी सांगितले, मग तो कोणत्याही धर्माचा असो, तर त्याला त्याच्याच परिभाषेतल्या शब्दांचा इतिहास विचारा. उसने घेतल्याने कोणताही धर्म मेला नाही, उलट त्याला प्रश्न विचारायची भाषा मिळाली. नुकसान झाले ते एका बाजूच्या उत्तरामागे शिपाई उभा राहिला तेव्हा. आणि तो शिपाई प्रत्येक वेळी परंपरावाद्यांचाच होता असे नाही. रस्टिकस तत्त्वज्ञ होता, ज्युलियन विद्वान होता, अल-मामून ग्रंथप्रेमी होता.

आपण सुधारणेची भाषा बोलणारी माणसे आहोत. आपल्या विरोधकाचे म्हणणे आपण त्याच्या शब्दांत नीट मांडतो का, ओरिजेनने सेल्ससचे मांडले तसे? ते मांडून मग खोडून काढायची तयारी ठेवतो का? उद्या सत्ता आपल्या मताच्या माणसांकडे आली, तर आपण एखाद्या इब्न हंबलला बोलू देऊ का? यावर आता चर्चा करू. प्रश्न कितीही अवघड असले तरी विचारा.